वाचकांचे प्रश्न : वर्षभराच्या वाचनाची उजळणी

प्रश्न : यंदा मी बावीस पुस्तके वाचली, परंतु त्यांतील निम्म्यांचा मजकूर आता आठवत नाही. वर्षाच्या वाचनाकडे मागे वळून कसे पाहावे?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : माझे स्वतःचे वर्ष प्रामुख्याने एकाच पुस्तकाचे होते आणि त्याची मला मुळीच खंत वाटत नाही. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींच्या कविता मी शाळेपासून ऐकत आलो होतो. मात्र अक्षरओळख नसलेल्या या माउलीच्या, मुलाने म्हणजे सोपानदेवांनी जपलेल्या आणि तिच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालेल्या ओळी मी सलग, तेही मोठ्याने, यंदाच वाचल्या. ही बोली डोळ्यांनी वाचली तर अडखळायला होते, उच्चारली की घरातल्या जुन्या माणसांचे बोलणे कानी येते.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी तिसऱ्यांदा वाचली. विशीत मी तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या बाजूने होतो. या वेळी, तो पुण्याहून खानदेशातल्या गावी परततो तेव्हा, माझे लक्ष त्याच्या वडिलांकडे गेले, आणि हा बदल पुस्तकातला नसून माझ्यातला आहे हे मला फार मोलाचे वाटते.

म्हणून आपणही बावीस नावांची यादी बाजूला ठेवून, ज्यांनी एखादे तरी मत बदलले अशी पुस्तके प्रथम आठवावीत. विसरलेल्यांपैकी एखाद्याची पहिली वीस पाने पुन्हा वाचावीत; कित्येकदा दोष पुस्तकाचा नसून आपल्या घाईचा असतो. पुढील वर्षी मात्र पुस्तक संपते त्याच दिवशी वहीत दोन ओळी लिहाव्यात.