वाचकांचे प्रश्न : जुने आरपीजी पुन्हा खेळताना

प्रश्न : कॉलेजात असताना मी ‘मॉरोविंड’ वेड्यासारखा खेळत असे. अलीकडे जुने-नवे रोल-प्लेइंग गेम (आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) पुन्हा खेळण्याचा छंद लागला, म्हणून तोही नव्याने सुरू केला. पण तासाभरातच वैतागलो. साध्या उंदरावर तलवार चालवली तरी वार हुकत राहतात आणि पुढे कुठे जायचे ते नकाशावर दाखवलेलेच नसते. गेम मुळातच असा होता, की माझाच संयम संपला आहे?

उत्तर : गेम असाच होता आणि तुमच्या संयमालाही दोष देण्याचे कारण नाही, मधल्या काळात हाताला लागलेल्या सवयी मात्र बदलल्या आहेत. २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये तलवार उंदराला लागताना डोळ्यांना दिसली, तरी वार खरोखर लागला की नाही हे पडद्यामागचे फासे ठरवतात. त्या हिशेबात पात्राचे त्या शस्त्रातले कौशल्य, चपळाई, नशीब आणि त्या क्षणी अंगात उरलेला दम हे सारे धरले जाते. घोटाळा बहुधा या दमापाशी होतो. धावल्याने तो कमी होतो, सध्याच्या गेममुळे सतत धावत सुटण्याची सवय झालेली असते आणि मग कोपऱ्यातली हिरवी पट्टी पार रिकामी करून आपण लढाईला उभे राहतो. लढण्याआधी क्षणभर थांबून ती पट्टी भरू द्या आणि पात्र घडवताना ज्या शस्त्राचे कौशल्य मुख्य म्हणून निवडले असेल, तेच हातात धरा. एवढ्यानेही उंदरांचा बंदोबस्त होईल.

वाटेचे म्हणाल, तर ‘स्कायरिम’सारख्या २०११ च्या गेममध्ये होकायंत्रावरची खूण जिकडे नेईल तिकडे जायचे असते. ‘मॉरोविंड’मध्ये पत्ता माणसे सांगतात आणि तो रोजनिशीत नोंदला जातो : गावातून दक्षिणेकडे निघा, ओडाई नदीवरचा पूल ओलांडा, दिशाफलक पाहून वळा, मग जुना दगडी पूल लागेल. हा मजकूर वरवर वाचला की माणूस हमखास भरकटतो. सावकाश वाचला, तर तोच फलक आणि तोच पूल चार फेऱ्यांत ओळखीचे होतात आणि पुढे नकाशा न उघडताही रस्ता सापडू लागतो; खुणेमागे धावणाऱ्याला मात्र तोच प्रदेश कित्येक तासांनंतरही परका राहतो. (काही ठिकाणी गेमने सांगितलेल्या दिशा चक्क चुकीच्या आहेत. तिथे निमूटपणे उत्तर शोधून पुढे जावे, त्यात कमीपणा नाही.)

याच संदर्भात थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते. जुन्या आरपीजीत आज जे जाचक वाटते, त्यातले बरेचसे अशा गोष्टींमुळे आहे, ज्या पूर्वी पडद्याबाहेर, टेबलावर असत आणि आता आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. १९८१ चा ‘विझार्ड्री’ घ्या. साध्या रेघांनी काढलेले दहा मजली भुयार, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकटींचा आणि गेममध्ये आयता नकाशा नाही. तो खेळाडूने आलेख कागदावर स्वतः काढायचा. काही चौकटींवर पाऊल पडताच पात्रांचे तोंड गुपचूप दुसऱ्याच दिशेला फिरवले जाते आणि कागदावरचा कोपरा जुळेनासा झाला की लबाडी लक्षात येते. कागदाविना हा गेम निव्वळ छळ आहे. कागद घेतला, की नकाशा जुळवणे हाच खेळाचा गाभा असल्याचे कळते. १९८८ च्या ‘पूल ऑफ रेडियन्स’मध्ये तर कथेचा मोठा भाग छापील पुस्तिकेत होता. अमुक क्रमांकाची नोंद वाचा, असे पडद्यावर येई आणि आपण पान उघडून ती वाचायची. अधाशासारखे पुढचे वाचून ठेवणाऱ्यांना फसवण्यासाठी त्यात मुद्दाम खोट्या नोंदीही पेरलेल्या होत्या! तेव्हा जुना गेम सुरू करण्यापूर्वी त्याची माहितीपुस्तिका मिळवून निदान एकदा चाळा आणि कीबोर्डशेजारी एक वही ठेवा.

प्रश्न : जुन्या गेमची मूळ आवृत्ती खेळावी, की नवा रिमेक? मूळ आवृत्तीच ‘अस्सल’, असा माझ्या मित्रांचा आग्रह असतो.

उत्तर : अस्सलपणाचा हा आग्रह मला सरसकट पटत नाही. १९८७ चा पहिला ‘फायनल फँटसी’ पाहा. त्यात जादूगाराची बुद्धिमत्ता वाढलेली दिसते, पण प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे तिचा जादूच्या जोरावर काहीही परिणाम होत नाही. काही मंत्र तर मुळी चालतच नाहीत. चार पात्रांना एकाच राक्षसावर सोडले आणि तो दुसऱ्याच वारात मेला, तर उरलेल्या दोघांचे वार रिकाम्या जागी वाया जातात. यातल्या शेवटच्या गोष्टीचे समर्थन करता येईल, कारण त्यामुळे कोणी कोणावर धावायचे याचा आधीच नीट विचार करावा लागतो. पण निकामी बुद्धिमत्ता जपण्यात कसले आले अस्सलपण? अशा वेळी २०२१ ची ‘पिक्सेल रिमास्टर’ आवृत्ती बेलाशक घ्यावी.

‘फायनल फँटसी सेव्हन’ची गोष्ट निराळी आहे. मूळ गेम १९९७ चा. २०२० चा रिमेक त्यातल्या मिडगार शहरापुरता, म्हणजे मूळ गेमच्या सुरुवातीच्या काही तासांपुरताच आहे आणि त्यापुढचा भाग २०२४ च्या ‘रिबर्थ’मध्ये येतो. शिवाय जुनी कथा खेळाडूला ठाऊक आहे हे गृहीत धरून रिमेक तिच्याशी खेळतो, त्यामुळे मूळ गेम न खेळलेल्याला त्यातली निम्मी गंमत कळणार नाही. इथे एकाऐवजी दुसरा असा पर्यायच नाही. आधी जुना, मग नवा, असाच क्रम ठेवावा.

मला सर्वांत आवडलेली वाट ‘विझार्ड्री’च्या २०२४ च्या नव्या आवृत्तीने काढली आहे. तिची चित्रे नवी आहेत, आत मात्र जुनाच प्रोग्रॅम चालतो आणि हवे असल्यास मूळ ॲपल टू संगणकावरचे दृश्य कोपऱ्यात दिसत राहते. नव्या चित्रातला अक्राळविक्राळ राक्षस त्या कोपऱ्यात केवढासा होता, हे पाहताना मोठी मौज वाटते.

प्रश्न : जुने गेम नव्या संगणकावर चालतात का? एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) वापरणे योग्य आहे का?

उत्तर : बहुतेक चालतात. २००८ मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’ या नावाने सुरू झालेल्या जीओजी या ऑनलाइन दुकानातले डॉस या जुन्या संगणकप्रणालीच्या काळातले गेम सहसा डॉसबॉक्स या तिची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमसह जोडूनच येतात, त्यामुळे वेगळी खटपट करावी लागत नाही. ‘मॉरोविंड’साठी ओपनएमडब्ल्यू हे मुक्त इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्रॅम, आहे, मात्र गेमच्या मूळ फाइली तुमच्याकडे असाव्या लागतात. त्याच मालिकेतले ‘अरीना’ (१९९४) आणि ‘डॅगरफॉल’ (१९९६) हे गेम तर बेथेस्डा या त्यांच्या निर्मात्या कंपनीने अनुक्रमे २००४ आणि २००९ मध्ये विनामूल्य करून टाकले आहेत. एम्युलेटर हे नुसते साधन आहे. प्रश्न येतो तो गेमची प्रत कुठून आणली याचा. जो गेम विकत मिळतो, तो विकत घ्यावा. अर्थात सारेच काही मिळत नाही : अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात दिसून आले. त्यामुळे जुने कन्सोल आणि डिस्का कुणाकडे असतील, तर त्या मोडीत काढू नयेत.

प्रश्न : एकेक गेम शंभर तासांचा. मी ‘बॉल्डर्स गेट थ्री’ अर्धा सोडला, ‘एल्डन रिंग’ही अर्धा सोडला आणि परत आलो की काहीच आठवत नाही. हा छंद नोकरदार माणसाचा नव्हेच का?

उत्तर : अर्धवट सोडण्याचे एवढे मनाला लावून घेऊ नका, गेम पुरा करण्याचे बंधन तुमच्यावर कोणीही घातलेले नाही. परत आल्यावर हरवल्यासारखे होते, ते टाळण्यासाठी संगणक बंद करण्यापूर्वी वहीत दोन ओळी लिहा : कुठे निघालो होतो आणि का. गेममधली रोजनिशी काय घडले ते सांगते, तुमच्या मनात काय होते ते सांगत नाही. ‘बॉल्डर्स गेट थ्री’सारख्या गेममध्ये, जिथे एका संवादातल्या निवडीचे पडसाद पुढच्या अंकात उमटतात, तिथे हे विशेष उपयोगी पडते.

दोन दीर्घ गेम एकाच वेळी हाती घेऊ नका. एखादा मोठा सुरू असेल, तर जोडीला आटोपशीर ठेवा. ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) हा तसा गेम आहे. त्यात नेहमीच्या अर्थाने लढाईच नाही, सारे काही संवादांतून आणि फाशांवर चालते. किंवा ओळखीचाच जुना गेम उलट स्वभावाच्या पात्राने खेळून पाहा. १९९७ च्या ‘फॉलआउट’मध्ये बुद्धिमत्ता अगदी कमी ठेवली, तर तुमचे पात्र धड वाक्यही बोलू शकत नाही आणि समोरचे लोकही त्याच्याशी तसेच वागतात. पूर्वी बोलून सुटलेली प्रकरणे मग बोलून सुटेनाशी होतात.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलीला माझ्याबरोबर एखादा जुना आरपीजी खेळायचा आहे. कोणता निवडू?

उत्तर : १९९५ चा ‘क्रोनो ट्रिगर’. त्यातले शत्रू बहुतेक ठिकाणी आधीच नजरेस पडतात, लढाईसाठी वेगळा पडदा उघडत नाही आणि कथा एका जत्रेतून थेट काळाच्या प्रवासाला निघते. त्या जत्रेत मुलीला मनसोक्त हिंडू द्या. धक्का लागून पडलेल्या मुलीची आधी विचारपूस करायची की तिचे लॉकेट उचलायचे, कुणाचा तरी डबा टेबलावर दिसला तर तो खायचा की नाही, हे सारे तिचे तिलाच ठरवू द्या. पुढे तिच्या नायकावर खटला चालतो आणि जत्रेतल्या याच वागण्याबद्दल साक्षीदार उभे राहतात. तोवर तिला याबद्दल अवाक्षरही सांगू नका.