जुन्या विंडोजवर क्लाउडचं ॲप बंद होतंय? आधी फाइली मोजा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. जुन्या लॅपटॉपवर 'सपोर्ट लवकरच संपणार' अशी सूचना आली आहे, तर क्लाउडमधल्या फाइली जातील का? आणि त्याच ॲपचं जुनं व्हर्जन कुठून तरी उतरवून घेतलं तर भागेल का? पहिल्याचं उत्तर, जाणार नाहीत. दुसऱ्याचं, त्या भानगडीत पडू नका. ॲप कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून थोडं ऐसपैस लिहितो.

'सपोर्ट संपणार' हे तीन वेगळ्या गोष्टींना म्हणतात. कधी फक्त नव्याने इन्स्टॉल करता येत नाही, आहे ते चालत राहतं. कधी अपडेट थांबतात. आणि कधी ठरलेल्या दिवशी ॲप सिंक करणंच, म्हणजे डिस्कवरच्या आणि क्लाउडमधल्या फाइली एकसारख्या ठेवणंच, सोडतं. ड्रॉपबॉक्सने विंडोज एक्सपीच्या वेळी, २०१६ साली, आधी नवीन इन्स्टॉल बंद केलं आणि मग दोनेक महिन्यांनी उरलेल्यांना साइन आउट केलं. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यांना विंडोज ७, ८ आणि ८.१ वर १ जानेवारी २०२२ पासून अपडेट मिळेनासे झाले आणि १ मार्चपासून सिंक थांबलं. तेव्हा तुमच्या सूचनेतली तारीख यातल्या कशाची आहे ते आधी बघा.

विंडोजचा सपोर्ट आहे तोवर ॲप चालणारच, या भरवशावर मात्र राहू नका. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला आणि ड्रॉपबॉक्स तिथे पुढे दोन वर्षं चाललं. उलट ८.१ चा सपोर्ट जानेवारी २०२३ पर्यंत होता, पण वनड्राइव्ह (तेही खुद्द मायक्रोसॉफ्टचंच!) वैयक्तिक खात्यांसाठी दहा महिने आधीच थांबलं होतं. गूगल ड्राइव्हने ऑगस्ट २०२३ मध्ये ८ आणि ८.१ सोबत ३२ बिटचं सगळंच विंडोज सोडलं. म्हणजे विंडोज १० असूनही ते ३२ बिटचं असेल तर तुम्ही बाहेर. सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडून हे एकदा तपासाच.

कंपन्या असं का करतात यावर लोक नुसतं 'नवीन मशीन विकायला' म्हणतात. तेवढंच नाहीये. हल्ली फाइल डिस्कवर न ठेवता फक्त तिचं नाव दाखवायचं आणि उघडली की उतरवायची, ही जी सोय असते, ती ज्या यंत्रणेवर उभी आहे ती विंडोज १० मध्ये २०१७ च्या अपडेटपासून आली. त्याआधीच्या विंडोजसाठी वेगळा कोड सांभाळावा लागतो. शिवाय ॲप ज्या साधनांनी बनतात तीही मागचं सोडत जातात. क्रोमचं ७ आणि ८.१ वर चालणारं शेवटचं व्हर्जन १०९. प्रोग्रॅम लिहायच्या 'गो' भाषेने १.२१ व्हर्जनपासून विंडोज १० च्या खालचं सगळं सोडलं. जुनं व्हर्जन शोधून टाकण्यात अर्थ नाही तो यामुळेच. इन्स्टॉल होईलही, पण सर्व्हर त्याला दारातूनच परत पाठवू शकतो. आणि ज्या साइटवरून ते उतरवाल तिथे त्यासोबत आणखी काय येईल ते सांगता येत नाही. ज्या ॲपला तुमच्या सगळ्या कागदपत्रांची किल्ली देणार, ते तरी असं कुठून तरी उचललेलं नसावं.

आता खरा धोका. ॲप मेलं तरी त्याचं फोल्डर डिस्कवर जसंच्या तसं राहतं. फाइली उघडतात, सेव्ह होतात, सगळं नेहमीसारखं दिसतं. माझं असंच झालं होतं. हिशेबाची एक शीट मी जुन्या मशीनवर जवळजवळ महिनाभर भरत होतो. सिंक कधीच थांबलं होतं, आणि कोपऱ्यातल्या आयकॉनकडे कोण बघतंय! मग दुसऱ्या मशीनवर तीच शीट उघडून त्यात भर घातली. दोन शीट, दोन्हींत वेगवेगळ्या नोंदी, आणि दोन्ही अर्ध्या. एक अख्खा रविवार ओळीला ओळ लावण्यात गेला. म्हणून त्या तारखेच्या आधीच सिंक पूर्ण होऊ द्या, आणि त्यानंतर जुन्या फोल्डरमध्ये काहीही लिहू नका. फोल्डरच्या नावापुढे 'जुने' लावलं तरी पुरे, पण नाव बदलायच्या आधी ॲपमधून खातं अनलिंक करा, म्हणजे ॲपचा खात्याशी असलेला संबंध तोडा. क्रम चुकवू नका. खातं जोडलेलं असताना त्या फोल्डरमधून काही डिलीट केलंत किंवा बाहेर हलवलंत, तर ते क्लाउडमधूनही जातं, आणि मग रिसायकल बिन धुंडाळत बसावं लागतं.

अनलिंक करण्याआधी फाइली मोजा. वेबवर दिसतात तेवढ्या सगळ्या डिस्कवर असतीलच असं नाही. कधी काळी जागा वाचवायला काही फोल्डर सिंकमधून वगळलेली असतात आणि आपण ते विसरून जातो. गूगल डॉक्स वापरत असाल तर आणखी एक फसवणूक आहे. डिस्कवर दिसणाऱ्या त्या फाइली म्हणजे नुसते दुवे असतात, आत मजकूर नसतोच. अशी शंभर डॉक्युमेंटं पेनड्राइव्हवर कॉपी केलीत तरी हातात काही लागणार नाही. ती गूगल टेकआउटमधून (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलचीच सोय) वर्डच्या स्वरूपात उतरवून घ्या.

कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर करा. फोल्डरमध्ये फोल्डर असं खूप खोल गेलं असेल तर फाइलीचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर जातो आणि साधं कॉपी-पेस्ट मध्येच अडतं. अशा वेळी विंडोजमधलीच रोबोकॉपी ही कमांड बरी, पण तिचा आरशासारखी नक्कल करणारा पर्याय (/MIR) वापरू नका. जिथे कॉपी करताय तिथलं जास्तीचं सगळं तो पुसून टाकतो. वेबवरून झिप उतरवणार असाल आणि मशीन विंडोज ७ चं असेल, तर फाइलींची मराठी नावं उघडल्यावर चौकोन आणि चित्रविचित्र खुणा होऊन बसतील. सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रॅमने उघडा, नावं नीट येतात.

त्यापुढे ब्राउझरमधून काम चालवता येतं. थोड्या फाइली असतील तर तेवढं पुरतं, पण काय चढवलं आणि काय राहिलं हे लक्षात ठेवणं आता तुमच्याकडे. 'लिनक्स टाक' असा सल्ला इथे कोणी ना कोणी देईलच. मशीनला तो मानवेलही, पण वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्हचं अधिकृत लिनक्स ॲपच नाही. ड्रॉपबॉक्सचं आहे. बाकीच्यांसाठी आरक्लोन हे मुक्त साधन आहे. कमांड लिहायची तयारी असेल तर झकास. नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, कारण त्यातली एक कमांड उलट्या दिशेने दिली तर भरलेल्या फोल्डरवर रिकामं फोल्डर चढतं.

ॲप कुठलं, विंडोज किती बिटचं आणि सूचनेत नेमके शब्द काय आहेत, एवढं लिहा. मग अनलिंकचं बटण कुठे सापडेल ते सांगतो.