घरात पॅरासिटामॉलचे ड्रॉप्सही आहेत आणि सिरपही. ११ किलोच्या मुलीला किती द्यायचं?

मुलगी दोन वर्षांची, दर चार-पाच तासांनी ताप परत चढतो, म्हणून सोबत आयबुप्रोफेनही द्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. आधी बाटल्यांचं सांगतो, कारण जिवावरची चूक तिथे होते.

डोस वयावर किंवा चमच्यांवर नाही, वजनावर आणि मिलिग्रॅममध्ये काढायचा. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. ११ किलोला जास्तीत जास्त १६५. आता लेबल वाचा. ड्रॉप्समध्ये साधारणपणे १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दीड मिली पुरे. साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५, म्हणजे साडेसहा मिली. '२५०' लिहिलेल्या सिरपमध्ये ५ मिलीत २५०, म्हणजे ३ मिली. औषध तेच, पण ड्रॉप्स साध्या सिरपच्या चौपट तीव्र. सिरपचं माप लक्षात ठेवून कुणी साडेसहा मिली ड्रॉप्स पाजले, तर पोटात ६५० मिलिग्रॅम जातं. ती मोठ्या माणसाची एक अख्खी गोळी झाली आणि तुमच्या मुलीची जवळजवळ दिवसभराची मर्यादा. उलट घोटाळाही होतो: ड्रॉप्सचं माप सिरपला लावलं की औषध अपुरं पडतं, 'याने काही फरक पडत नाही' असं वाटतं आणि लोक आणखी कडक औषध शोधायला लागतात. म्हणून दोन्ही बाटल्या एकत्र घरात ठेवूच नका, एकच ठेवा.

बाटली नीट हलवा, औषध तळाशी बसलेलं असतं. मोजायला बिनसुईची सिरिंज वापरा. घरातल्या चमच्यांत कुणात ३ मिली मावतं, कुणात ७. दोन डोसांत किमान ४ तास, शक्यतो ६, आणि २४ तासांत चारच डोस. वेळ आणि मिली कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. आईने दिलं आणि तासाभराने आजीनेही दिलं, असं रात्रीच्या घाईत सहज होतं. अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं तर पुन्हा तेवढंच द्या, त्यानंतर उलटी झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

चार तासांनी ताप परत आला म्हणजे औषध फसलं असं नाही, त्याचा असर संपला इतकंच. आजार तर आपल्या गतीनेच जाणार. मूल खेळतंय, पाणी पितंय, तर १०१ तापालाही औषध हवंच असं नाही. औषध आकड्यासाठी नसतं, मुलाला बरं वाटावं म्हणून असतं. तापातले झटकेही त्याने टळत नाहीत.

आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नका. विशेषतः पावसाळ्यात, डेंग्यूची शंका असताना ते टाळायचंच, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर मूत्रपिंडावर ताण येतो. कांजिण्यांतही नको. मेडिकलमधल्या काही 'प्लस' सिरपमध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असतं, सर्दीच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं. वरून तुमचं नेहमीचं दिलं की डोस दुप्पट. सर्दीची ही सिरप या वयात द्यायचीच नाहीत. निमेसुलाइड हे तापाचं आणखी एक औषध १२ वर्षांखालच्या मुलांना भारतात २०११ पासून बंद आहे, जुनी बाटली असेल तर फेकून द्या. अ‍ॅस्पिरिनही नाही.

मूल पाणी घेत नसेल, आठ तासांत लघवी झाली नसेल, सुस्त पडलं असेल, धापा टाकत असेल, झटका आला किंवा ताप तीन दिवसांवर गेला, तर डॉक्टरांकडे न्या. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप म्हणजे लगेच.

आणि चुकून डोस जास्त गेलाय असं लक्षात आलं तर मूल हसतंखेळतं दिसलं तरी थांबू नका. यकृताला इजा होत असली तरी पहिला दिवस बाहेरून काहीच दिसत नाही. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. उलटी करवू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा.