नऊ महिने भरले की! मग थांबायचं कशाला?

"मॅडम, नऊ म्हयने भरल्यात की. आता तारीख दिली तर काय बिघडतंय?"

हा प्रश्न माझ्याकडे भाद्रपदात हमखास येतो. पितृपंधरवडा लागायच्या आत सुनेला मोकळी करून घ्यायची असते. एका घराची गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

तासगावच्या गणपतीचा रथ होऊन चार दिवस झाले होते. सासू-सासरे, मुलगा आणि पोट सावरत बसलेली सून. पहिलंच बाळंतपण, तब्येतीची तक्रार काही नाही. अनंत चतुर्दशीला सिझर करून हवं होतं. सांगलीतल्या आमच्या रुग्णालयात नियम आहे: वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय सिझर नाही आणि कळा आणायचं औषधही नाही. ऑपरेशनची वही सांभाळणाऱ्या सिस्टर आधी आठवडे विचारतात. कमी भरले तर कारण लिहावं लागतं, वरिष्ठ डॉक्टरांची सही लागते. सिस्टरांनी तारीख लिहून घेतली नाही, म्हणून ही मंडळी माझ्यासमोर आली होती.

काकूंनी, म्हणजे सासूबाईंनी, शेवटची सोनोग्राफी पुढे केली. "ह्यात ३८ आठवडे लिवलंय." मी फाईल उलटून आठव्या आठवड्यातली सोनोग्राफी काढली. तेव्हा सगळी बाळं जवळपास सारख्याच मापाची असतात, म्हणून दिवस नेमके कळतात. शेवटच्या महिन्यांत यंत्र बाळाच्या अंगलोटावरून अंदाज बांधतं, तो तीन आठवड्यांनीही चुकू शकतो. बाळ गुटगुटीत होतं, एवढाच त्या ३८ चा अर्थ. पहिल्या सोनोग्राफीप्रमाणे त्या दिवशी ३६ आठवडे २ दिवस झाले होते. चतुर्दशीला जेमतेम ३७ भरणार होते.

घोटाळा होतो तो बोटांवर. चार आठवड्यांचा महिना धरला की ३६ आठवड्यांतच नऊ महिने भरतात. मी विचारलं, "काकू, लेकाला किती दिवस पोटात वाढवलं म्हणता?"

"नऊ म्हयने नऊ दिस."

कागदावर मांडलं. कॅलेंडरचे नऊ महिने म्हणजे साधारण २७४ दिवस. त्यात नऊ मिळवले की २८३, म्हणजे ४० आठवड्यांच्या थोडं वरच. आपल्या आज्या-पणज्यांचा हिशोब डॉक्टरांच्या हिशोबाला येऊन मिळतो. सासरे द्राक्षबागायतदार. ते पहिल्यांदाच बोलले, "आमी बी छाटणीपासनं दिसच मोजतो."

या शेवटच्या आठवड्यांत बाळ पोटात नुसतं पडून नसतं. ३५ व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या दोन तृतीयांशच असतं. फुप्फुसं तयार होत असतात, चोखणं-गिळणं-श्वास यांचा मेळ बसत असतो, अंगावर ऊब धरणारी चरबी चढत असते. ३७ पूर्ण झालं की बाळाला अपुऱ्या दिवसांचं म्हणत नाहीत, हे खरं. पण ३७ आणि ३८ व्या आठवड्यांत धाप, कावीळ, दूध न ओढणं जास्त दिसतं. शिवाय मोजणीत आठवडाभराची चूक असली तर ते ३७ खरं ३६ निघतं, आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ आपणच आपल्या हातानं बाहेर काढलेलं असतं.

नियम होण्यापूर्वी मुहूर्तावर काढलेलं असं एक बाळ नऊ दिवस काचेच्या पेटीत होतं. त्याची आई दारातून बघत उभी राहायची. मला ती अजून दिसते.

"नुसतं समजावून का भागत नाही? नियम कशाला?" मुलानं विचारलं. अमेरिकेतल्या २७ रुग्णालयांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे डॉक्टरांना फक्त समजावलं, तिथे अशा विनाकारण लवकरच्या प्रसूती १०.९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आल्या. जिथे अशी तारीखच लिहून घ्यायची नाही असा कडक नियम केला, तिथे ८.२ वरून १.७ वर. समोर हट्ट धरून बसलेल्या कुटुंबाला नाही म्हणणं एकट्या डॉक्टरला जड जातं, हे मी रोज पाहते.

काकूंची खरी भीती अजून आतच होती. सगळे उठल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "थांबलो आन पोटातच काय झालं तर? माझ्या जावंचं झालंय."

मग मुहूर्त बाजूला राहिला. बीपी वाढलं, पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर आठवडे मोजत बसायचं नाही, रात्री दोनलाही यायचं. कारण असेल तिथे हा नियम आड येत नाही. हालचालीवर लक्ष कसं ठेवायचं ते सुनेला आणि काकूंना, दोघींना शिकवलं. दर आठवड्याची तपासणी लिहून दिली. घटस्थापनेला ३९ आठवडे ३ दिवस भरत होते. तोवर कळा आल्या नाहीत तर त्यानंतरचं डॉक्टरांशी बोलून ठरवायचं, असं ठरलं.

पण पितृपंधरवड्यातल्या नवमीलाच कळा आल्या, ३८ आठवडे ३ दिवस. आपणहून आलेल्या कळा कुणी थांबवल्या नाहीत. नियम आपण निवडलेल्या तारखेपुरता असतो. संध्याकाळी मुलगी झाली, सिझर न होता. जन्मताच रडली, तासाभरात अंगावर प्यायली.

घरी त्या दिवशी सासऱ्यांच्या आईचा म्हाळ होता. काकूंनी नात त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घ्या, तुमची आय आली."