किल्ली हरवलेल्या लेटरबॉक्सचे कुलूप स्वतः बदलता येईल का?

आपण कोथरूडमधल्या एका जुन्या इमारतीत फ्लॅट घेतला आहे. पहिल्या मालकांनी घराच्या सगळ्या किल्ल्या दिल्या, पण जिन्याखालच्या लेटरबॉक्सची किल्ली त्यांनाच सापडत नाही. तेव्हा हे कुलूप स्वतः बदलता येईल का, त्यासाठी सोसायटीची किंवा पोस्टाची परवानगी लागते का आणि बाजारातून नेमके काय आणायचे, असे आपण विचारले आहे. सहकारनगरमधल्या आमच्या इमारतीत हे काम मी दोनदा केले आहे. पहिल्यांदा चुकत-माकत आणि दुसऱ्यांदा नीट, त्यामुळे पहिल्या वेळच्या चुका येथे मुद्दाम सांगतो.

परवानगीचा प्रश्न फारसा अवघड नाही. आपल्याकडे पोस्टमन पेटी उघडत नाही, फटीतून पत्र आत टाकतो. त्याच्याकडे पेटीची किल्ली नसते आणि पोस्टाचा त्या कुलपाशी काही संबंधही येत नाही. स्पीड पोस्ट तो घरी येऊन सही घेऊन देतो, आणि आता रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्येच विलीन झाले आहे. पेट्यांचा संच मात्र बहुधा सोसायटीने बसवलेला असतो, म्हणून सेक्रेटरींच्या कानावर एकदा घालावे. त्याच वेळी त्यांच्याकडे जादा किल्ल्यांचा जुडगा आहे का हेही विचारावे, कारण कधी कधी सगळा प्रश्न तिथेच सुटतो.

आता कुलपाकडे वळू. लेटरबॉक्स, ऑफिसच्या टेबलाचा खण, लोखंडी कपाटातला लहान कप्पा या सर्वांना एकाच जातीचे कुलूप असते आणि दुकानात त्याला कॅम लॉक म्हणतात. दारातून आरपार जाणारी आटे पाडलेली नळी, तिला मागून आवळणारा नट आणि नळीच्या टोकाला स्क्रूने बसवलेली एक पट्टी, एवढाच त्याचा संसार असतो. ही पट्टी म्हणजे कुलपाची जीभ. किल्ली फिरली की जीभ फिरते आणि चौकटीच्या मागे अडकते किंवा सुटते.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत अशी कुलपे ढिगाने मिळतात, पण तिथे जाण्यापूर्वी जुने कुलूप काढून खिशात टाकावे, हे माझे सर्वांत आग्रहाचे सांगणे आहे. पहिल्या वेळी मी समोरून दिसणाऱ्या चकतीचा केवळ मोबाइलवर फोटो काढून गेलो होतो. दुकानदाराने तसेच दिसणारे कुलूप दिले, १४० रुपये घेतले आणि मी खुशीत घरी आलो. प्रत्यक्षात जुन्या कुलपाची नळी १६ मिलिमीटर लांबीची होती आणि नवीन कुलपाची २० मिलिमीटर. चार मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु तेवढ्यानेच जीभ चौकटीपासून लांब राहिली आणि कुलूप लावलेले असतानाही दार खडखड वाजत राहिले. नळीची लांबी डोक्याच्या खालच्या कडेपासून जीभ बसते तिथपर्यंत मोजायची असते, आणि समोरून पाहणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

दुसरे माप भोकाचे. ते बहुधा १९ मिलिमीटरच्या आसपास असते. दुकानातला जुना माणूस सुतात बोलला तर गोंधळून जाऊ नये, सहा सूत म्हणजे पाऊण इंच, म्हणजे तेच १९ मिलिमीटर. मात्र हे भोक पूर्ण गोल नसते. नळीच्या दोन बाजू सपाट तासलेल्या असतात आणि पत्र्यातल्या भोकालाही तशाच दोन सपाट कडा असतात, त्यामुळे किल्ली फिरवताना अख्खे कुलूप गरगर फिरत नाही. पूर्वी कोणी कानस मारून ते भोक गोल करून ठेवले असेल, तर नट कितीही आवळला तरी काही महिन्यांत कुलूप सैल होते. अशा वेळी योग्य आकाराचे भोक असलेला पत्र्याचा लहान तुकडा आतून रिव्हेट मारून बसवणे हाच टिकाऊ उपाय आहे.

जिभेच्या बाबतीत ती सरळ आहे की वाकवलेली, आणि तिची लांबी किती, एवढे पाहावे. बहुतेकदा जुनी जीभ नव्या कुलपाला बसते, म्हणून ती टाकून देऊ नये. याशिवाय किल्ली कोणत्या स्थितीत बाहेर निघते हे दुकानातच फिरवून पाहावे. लेटरबॉक्ससाठी, केवळ बंद स्थितीतच किल्ली निघेल असे कुलूप मला पसंत आहे, कारण मग पेटी उघडी ठेवून किल्ली घरी घेऊन जाण्याची सोयच उरत नाही. अगदी स्वस्तातले कुलूप घेण्याच्या मोहात पडू नये. त्यांच्या किल्ल्यांचे नमुने मोजकेच असतात, आणि आमच्या इमारतीत तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या किल्लीने आमची पेटी सहज उघडत असे, ज्याचा शोध आम्हा दोघांनाही एकाच दिवशी लागला.

आपल्याकडे किल्लीच नसल्यामुळे जुने कुलूप काढायचे कसे, हा खरा पेच आहे. फ्लॅट आपला असल्याचा कागद सोबत ठेवून किल्लीवाल्याला बोलावले, तर तो बहुधा काहीही न तोडता कुलूप उघडून देतो, आणि घरात ड्रिल नसेल तर हाच मार्ग शहाणपणाचा. स्वतः करायचे असल्यास किल्लीच्या खाचेवर आधी ३ मिलिमीटरचे, मग ६ आणि शेवटी ८ किंवा १० मिलिमीटरचे पाते, असे टप्प्याटप्प्याने सावकाश चालवावे. ही कुलपे बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असतात, त्यामुळे पाते लोण्यात गेल्यासारखे जाते, आणि म्हणूनच जोर लावण्याचा मोह टाळावा, नाहीतर पाते पलीकडे घुसून आतली पत्रे फाडते. डोळ्यांवर चष्मा हवाच. कीस आत पडतो आणि जस्ताला लोहचुंबक ओढत नाही, तेव्हा तो जुन्या दाढीच्या ब्रशने झाडून काढावा. पहिल्या मालकांच्या नावाचे टपाल आत सापडले तर ते न उघडता त्यांना किंवा पोस्टमनला द्यावे.

बसवण्याचे काम दहा मिनिटांचे आहे. नळी समोरून घालावी, मागून नट चढवावा, डोके एका हाताने सरळ धरून पान्याने आवळावे, मग जीभ लावून स्क्रू घट्ट करावा. हा लहानसा स्क्रू सैल होणे ही या कुलपांची नेहमीची तक्रार असते, म्हणून त्याखाली स्प्रिंग वायसर घालावा. तो नसेल तर आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंबही पुरतो. यानंतरची गोष्ट मात्र माझ्यासारखी विसरू नये: दार उघडे ठेवूनच किल्ली चार-पाच वेळा फिरवून पाहावी. मी जीभ उलट्या दिशेने लावून दार ढकलून बंद केले. किल्ली माझ्या हातात होती, पण जीभ सुटण्याऐवजी चौकटीत अधिकच रुतत गेली, आणि तासाभरापूर्वी बसवलेले नवे कोरे कुलूप मला ड्रिलने फोडावे लागले. वॉचमन शेजारी स्टुलावर बसून हे सर्व पाहत होता, याचे दुःख वेगळेच.

कुलूप पुढेमागे जड फिरू लागले तर त्यात खोबरेल तेल सोडू नये. घरोघरी पहिला हात त्याच बाटलीकडे जातो, परंतु साधारण २४ अंशांच्या खाली खोबरेल गोठू लागते, आणि पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी ते कुलपात मेणासारखे बसते. पावसाळ्यात पार्किंगमधली धूळ व ओल त्याला चिकटते ती निराळीच. त्याऐवजी पेन्सिलच्या शिशाची बारीक पूड किल्लीला चोळून ती दोन-तीनदा आत-बाहेर करावी.

नव्या कुलपासोबत दोन किल्ल्या येतात आणि बऱ्याच कुलपांच्या तोंडावर लहान अक्षरांत क्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक घरातल्या वहीत लिहून ठेवावा आणि दुसरी किल्ली त्याच जुडग्यात न अडकवता कपाटात ठेवावी. किल्लीला फ्लॅटच्या नंबराचे लेबल मात्र लावू नये. ती रस्त्यात पडली तर सापडणाऱ्याला थेट पेटीपर्यंतचा पत्ता मिळतो.