‘उदासीन’ म्हणजे ‘अलिप्त’ नव्हे

आर्वी तालुक्यातील एका गावच्या विज्ञान शिक्षिकांनी विचारले आहे की, शाळेतील मुलांनी विज्ञान दिनासाठी कृष्णद्रव्यावर (डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारे पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य) केलेल्या तक्त्यावर ‘कृष्णद्रव्याचे कण विद्युतदृष्ट्या उदासीन असतात, म्हणून प्रकाशाशी त्यांचा काहीही संबंध येत नाही’ असे वाक्य आहे, तर त्यातील ‘उदासीन’ हा शब्द योग्य आहे का?

मॅडम, शब्द योग्य आहे. अडचण ‘म्हणून’ या शब्दापाशी आहे. व्यवहारात उदासीन माणूस म्हणजे कशातच रस नसलेला माणूस, आणि तोच अर्थ नकळत या वाक्यात शिरला आहे. विज्ञानाच्या परिभाषेत मात्र ‘उदासीन’ एवढेच सांगतो की धन आणि ऋण विद्युतभारांची बेरीज शून्य आहे. न्यूट्रॉनचेच पाहा. त्याचा एकूण भार शून्य असला, तरी त्याच्या आतील क्वार्क या घटक कणांवर भार असतो आणि न्यूट्रॉनला स्वतःचे चुंबकीय परिबलही असते, म्हणजे तो चिमुकल्या चुंबकासारखा वागतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्राचा त्याच्यावर परिणाम होतोच. तो उदासीन आहे, अलिप्त नाही.

कृष्णद्रव्याच्या कणांविषयी पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) आधारे मांडलेल्या प्रतिमानांमध्ये (मॉडेलांमध्ये) हाच भेद कळीचा ठरतो. अर्धे परिवलन (स्पिन) असलेल्या भाररहित कणाला अतिक्षीण विद्युत किंवा चुंबकीय द्विध्रुव परिबल, म्हणजे दोन विरुद्ध टोके असल्यासारखा गुणधर्म, असू शकते. मात्र तो कण स्वतःच स्वतःचा प्रतिकण (अँटिपार्टिकल) असेल, तर ही दोन्ही परिबले शून्य होतात आणि भौतिकशास्त्रज्ञ झेल्दोविच यांनी १९५७ च्या सुमारास मांडलेले ‘अॅनापोल’ हे वेगळ्या प्रकारचे विद्युतचुंबकीय परिबल तेवढे शिल्लक राहते. अॅक्सिऑन हा कल्पिलेला कणही भाररहितच, पण तीव्र चुंबकीय क्षेत्रात त्याचे प्रकाशकणात रूपांतर होऊ शकेल, असे भौतिकशास्त्रज्ञ पिएर सिकिवी यांनी १९८३ मध्ये दाखवले, आणि त्याचा शोध आजही त्याच मार्गाने घेतला जातो. याउलट, भौतिकशास्त्रज्ञ होल्डम यांच्या १९८६ च्या मांडणीप्रमाणे अशा कणांवर इलेक्ट्रॉनच्या भाराचा अगदी सूक्ष्म अंशही असू शकतो. तसे असेल तर ‘उदासीन’ हा शब्दच तेथे लागू पडणार नाही. या सर्व शक्यता आहेत, कारण असा एकही कण अद्याप सापडलेला नाही. अमेरिकेत दक्षिण डाकोटातील जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोलीवर, ७ टन द्रवरूप झेनॉन वायू ठेवून एखाद्या कणाच्या धडकेची वाट पाहिली जात आहे.

जाता जाता ‘कृष्ण’विषयीही सांगायला हवे. आपल्याकडची कपाशीची जमीन काळी दिसते, कारण ती तिच्यावर पडणारा बराचसा प्रकाश शोषून घेते. हे द्रव्य प्रकाश जवळपास शोषतही नाही आणि परावर्तितही करत नाही, तो त्यातून आरपार जातो. १९३३ मध्ये कोमा दीर्घिकासमूहाच्या अभ्यासात खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी जर्मन भाषेत ‘काळोखे द्रव्य’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग केला. आज विचाराल तर मला ‘अदृश्य द्रव्य’ अधिक नेमके वाटते. पण ‘कृष्णद्रव्य’ रुळलेले आहे आणि तक्त्यावर ते बदलण्याची गरज नाही.

वाक्य मात्र अवश्य बदलावे: ‘कृष्णद्रव्याचे कण बहुधा विद्युतभाररहित असावेत, प्रकाशाशी त्यांची आंतरक्रिया होत असल्यास ती अत्यंत क्षीण असली पाहिजे, आणि त्यांचे अस्तित्व आजवर केवळ गुरुत्वाकर्षणाच्या परिणामांवरून जाणवले आहे.’ वाक्य लांब झाले तरी चालेल, पण ‘बहुधा’ आणि ‘असल्यास’ हे दोन शब्द जागा वाचवण्यासाठी गाळू नयेत.