नाशिकमध्ये शो-जम्पिंगची, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडायची स्पर्धा घेतोय, पत्रकार परिषद किती दिवस आधी घ्यावी?

घेऊच नका. चहा-समोसा होतो, व्यासपीठावरच्या सात जणांची नावं छापून येतात आणि घोड्याचं एकही येत नाही.

हे मला फार लागतं. 26 सप्टेंबर 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसेजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घेण्याच्या प्रकाराचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण 1982 च्या दिल्लीनंतर थेट 41 वर्षांनी आलं. अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला ही नावं गाजली, गाजायलाच हवी होती. पण एट्रो, केमएक्सप्रो एमराल्ड, अॅड्रेनलिन फिरफोड, चिन्स्की ही त्यांच्या घोड्यांची नावं कुणाला आठवतात? निकाल जोडीचा असतो. तोच स्वार दुसऱ्या घोड्यावर बसला की गुण वेगळे पडतात.

आणि भारताच्या सांघिक गुणांचा तो 209.205 चा आकडा! टक्क्यांच्या खेळात दोनशे कसे? तर 71.088, 69.941 आणि 68.176 यांची ती बेरीज. चौघांतले वरचे तिघे धरतात. एवढी एक ओळ प्रेसनोटमध्ये घातली की वाचकाला खेळ कळतो.

तुमच्याकडे घोळ होईल तो शून्याचा. अडथळ्याची दांडी पडली की 4 पेनल्टी, घोड्याने पहिल्यांदा उडी नाकारली की 4, स्वार पडला की जोडी बाद. म्हणजे शून्य सर्वांत चांगलं. क्रिकेटची सवय असलेला उपसंपादक 'शून्य गुण' वाचून तो स्वार खालच्या क्रमांकावर टाकतो. म्हणून 'एकही दांडी न पाडता, वेळेत' असंच लिहा. जम्प-ऑफ, म्हणजे बरोबरी फोडायची वेळेवरची फेरी, झाला असेल तर सेकंद द्या. 'शर्यत' हा शब्द तर कुठेच नको.

प्रेसनोट युनिकोडमध्ये, मेलच्या मजकुरातच टाका. पीडीएफमधून कॉपी केली की जोडाक्षरं तुटतात. निकाल संध्याकाळी सहाच्या आत पोचवा, उशीर झाला तर दोन ओळींत उरकतात. फोटो तीनच, व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून, फोटोओळीत स्वार आणि घोडा दोघांची नावं.

छायाचित्रकाराला अडथळ्याच्या पलीकडे, थोडं तिरकं, दोरीबाहेर दहा-बारा मीटरवर उभं करा, सूर्य पाठीशी. पुढचे गुडघे दुमडलेले, कान पुढे, स्वाराची नजर पुढच्या अडथळ्यावर, तो क्षण हवा. फेरी चालू असताना त्याने उठबस करायची नाही. घोड्याला बाजूचं जवळजवळ सगळं दिसतं. कोपऱ्यात काही हललं की तो उडी नाकारू शकतो. फ्लॅश नाही, ड्रोन नाही. देवळालीकडे तर लष्करी हद्दच लागते.

कुणी पडलं तर बोलणारा माणूस एकच. डॉक्टर आणि पशुवैद्य काय म्हणतात ते कळल्यावर अर्ध्या तासात दोन वाक्यं द्या. जखमेचा तपशील घरच्यांना विचारल्याशिवाय नाही. 'घोडा बिथरला' असं तर कुणीच म्हणायचं नाही, कारण अजून तपासलेलं नसतं. पडलेला घोडा लोकांच्या नजरेआड करायला हिरवी चादर आणि ती धरायला चार माणसं रिंगणाजवळ तयार ठेवा.

हां, प्रायोजक हटून बसला तर परिषद टळणार नाही. मग ती दोन दिवस आधी, पागेजवळ घ्या. मधल्या खुर्चीवर स्वार, मागे मोतद्दारासोबत घोडा, आणि पाहुण्यांची नावं प्रेसनोटच्या शेवटच्या ओळीत.